पंच

दुपारी दीडचा सुमार. मी वरण-भात कालवला होता
एवढ्यात ती आली.
खांद्याला निळी पेटी, पायात साधी चप्पल, मागं एक शिपाई.
आम्हाला वाटलं विम्याची बाई.
डोक्याला जाळीची टोपी चढवून ती सरळ भटारखान्यात शिरली
तेव्हा गल्ल्यावरचा भूपालशेठ उठून उभा राहिला
आणि मागच्या दारानं दोन पोरं बिडी विझवत पांगली.

सांगली स्टँडच्या मागं हे हॉटेल. वर लॉज, खाली जेवण.
भिंतीवर पुराची रेघ आहे, माणसाच्या गळ्याएवढी.
लायसनची फ्रेम रेघेच्या वर टांगलेली.
तिनं आधी तारीख वाचली, मग रेघ बघितली,
मग फ्रीज उघडला.
"हे पनीर कधीचं?"
"कालचं, मॅडम."
"काल म्हणजे कुठला काल?"
बसवराज आचारी पंख्याकडं बघत राहिला.

मी जेवतच होतो. हमालाचा काय संबंध.
मग तिनं हळदीचा डबा उघडला
आणि वास माझ्यापर्यंत आला, म्हणजे
आलाच नाही.
एकोणतीस वर्षं राजापुरीची पोती वाहिली ह्या पाठीनं,
हरिपूरच्या पेवात दोर बांधून उतरलोय,
बायको अजून म्हणते, तुमची उशी पिवळी.
मला कळलं. ताटातल्या वरणाकडं बघितलं,
रोजचंच वरण.
रोज कसं नाही कळलं, ते नका विचारू.
उधारीच्या ताटाला नाक नसतं.

काचेच्या नळीत चिमूटभर हळद, वर पाणी, वर आम्लाचे थेंब.
गुलाबी.
"खऱ्या हळदीलाही रंग चढतो," ती म्हणाली,
"पाणी वाढवलं की उतरतो."
तिनं पाणी वाढवलं. आम्ही सगळे वाट बघत होतो,
शेठ सगळ्यांत जास्त.
नाही उतरला.
सौद्याच्या बाजारापासून पाऊण मैलावर
हळद नवरीपेक्षा जास्त लाजली.

"पंच पाहिजे एक," ती म्हणाली.
बाकड्यांवरची माणसं उठली, अर्धी ताटं तशीच,
नळावर गर्दी.
इतके हात एकदम धुताना मी त्या हॉटेलात कधी बघितले नव्हते.
माझ्या ताटात भात उरला होता, म्हणून मी सापडलो.

"नाव?"
"यल्लाप्पा सिद्धू कोळेकर."
"गाव?"
"उमदी, तालुका जत."
"सही येते का अंगठा?"
"येती."

शेठनं माझ्याकडं बघितलं नाही.
मोठ्या पुरात ह्याच माणसानं लॉजच्या गच्चीवर चूल मांडली,
आठ दिवस खिचडी घातली, दोनशे माणसांना.
पिवळीधमक होती.
तेव्हा कुणी नळी काढली नाही.

पेवाचं तोंड उघडलं की आधी कंदील सोडतात.
विझला तर माणूस उतरत नाही.
कंदिलाला कुणी विचारत नाही, जातोस का.

नमुन्याचे चार भाग, चार पुड्या, दोरा, लाख.
चारींवर माझी सही, शेवटची जरा वाकडी.
तिनं पर्समधून डब्यातल्या हळदीचे पैसे मोजून दिले,
पावती घेतली.
शेठनं नोटा घेताना हात शर्टाला पुसला.
जाताना ती म्हणाली, "जेवा तुम्ही."
आता काय जेवणार.

दुसऱ्या दिवशी झाडलोटीतली ओंजळभर हळकुंडं
गमछात बांधून नेली, गल्ल्यावर ठेवली.
बोललो नाही. तोही नाही.
एक हळकुंड उचलून त्यानं मोडलं,
आतला केशरी रंग बघितला बराच वेळ, वास घेतला,
आणि उधारीची वही काढून
माझ्या पानावर पेन चालवलं.
खोडलं का लिहिलं,
मी उभा होतो तिथनं दिसलं नाही.

ताट आलं. वरण पांढरं होतं, बिनहळदीचं.
मीठ मात्र बरोबर पडलेलं.